पहाटे तीन वाजताची शेगडी

कॅनव्हासच्या तंबूसाठी लाकडावरची शेगडी घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो हा: ही किती तापते? माझं म्हणणं, हा प्रश्न विचारूच नये. १२ बाय १४ फुटांच्या तंबूत कुठलीही बरी शेगडी पेटवा, पाव तासात अंगातलं जाकीट उतरवावं लागतं. आत हवा असते ती हजार-अकराशे घनफूट, ती तापायला कितीसा वेळ? पण कॅनव्हास ऊब धरून ठेवत नाही. विस्तव विझला की थोड्या वेळातच आत आणि बाहेर सारखंच. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की रात्री दहाला भरून झोपलो तर पहाटे तीनला हिच्या पोटात निखारे असतील का?

मी मूळची कराडची. आता बरीच वर्षं पश्चिम कोलोराडोत, ग्रँड जंक्शनला राहते आणि इस्पितळात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांच्या श्वासाशी काम. सासरी एल्कची, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाची, शिकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ऑक्टोबरच्या शेवटी, रायफलचा दुसरा हंगाम सुरू झाला की अनकम्पाग्रे पठारावर, नऊ हजार फुटांच्या आसपास आमचा तंबू लागतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच घरात निघत नाही, त्यामुळे माहेरच्यांना हे सगळं पचायला वेळ लागला. इथे राज्याचा वन्यजीव विभाग कळपांचा अंदाज घेऊन परवाने ठरवतो, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस टाकून देणं हा गुन्हा आहे. एका एल्कवर आमच्या घराचे कित्येक महिने निघतात. मला ते मान्य आहे, मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच मी त्या थंडीत जाते.

सासऱ्यांची जुनी शेगडी चौकोनी पेटीसारखी होती. तिला इकडे मेंढपाळी शेगडी म्हणतात, कारण या पठारांवर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या बास्क मेंढपाळांच्या गाड्यांत आणि तंबूंत तशाच शेगड्या असायच्या. तिचा तळ अखेर जळून गेला. नवी कुठली घ्यायची हे सासऱ्यांनी माझ्यावर सोपवलं. म्हणाले, "श्वासाचं तुला कळतं, तूच बघ." मी ते काम गंभीरपणे घेतलं.

पत्र्यापासून सुरुवात करते, कारण तिथेच पहिली गफलत होते. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज म्हणजे पाऊण मिलिमीटर, १२ गेज म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या जवळ, १० गेज साडेतीनच्या जवळपास. पातळ पत्र्याची शेगडी पटकन तापते, पटकन लाल होते आणि काही हंगामांत वाकडी होते. एकदा का दाराची चौकट वाकली की दार नीट बसत नाही, फटीतून हवा आत जाते आणि लाकूड आपल्या मर्जीनं जळतं. सगळी गोम इथे आहे. रात्रभर टिकणारी शेगडी म्हणजे आपण देऊ तेवढीच हवा घेणारी शेगडी. दाराला काचतंतूंची दोरी बसवलेली, खाली हवेची झडप घट्ट मिटणारी, आणि पत्रा इतका जाड की ही सगळी तोंडं वर्षानुवर्षं सरळ राहतील. अशी शेगडी चांगल्या लाकडावर पाच-सहा तास सहज काढते. पातळ पत्र्याची दीड-दोन तासांत थंड पडते आणि कुणीतरी उठून लाकडं घालत बसतं.

आकाराचं म्हणाल तर नळकांड्याची शेगडी चौकोनीपेक्षा कमी वाकते. सपाट भिंत तापली की फुगते किंवा आत जाते. गोल भिंत जाते कुठे? पण गोल शेगडीवर भांडं ठेवायचं कसं? म्हणून मला आवडतात त्या आडव्या नळकांड्याच्या, वरचा भाग कापून सपाट केलेल्या. युटामधली सिलिंडर स्टोव्ह्ज नावाची कंपनी नावाप्रमाणेच या घाटाच्या शेगड्या करते. पोटाची लांबी बघा. दोन फुटी ओंडका आडवा जात असेल तर करवतीचं काम निम्मं होतं, आणि दिवसभर बर्फातून चालून आल्यावर करवत हातात घ्यायची कुणाला हौस नसते.

टायटॅनियमच्या घडीच्या शेगड्यांबद्दल बरेच जण विचारतात. आमच्याच गावातली सीक आउटसाइड ही कंपनी त्या बनवते, आणि पाठीवर सामान घेऊन मैलोन्‌मैल आत जाणाऱ्या शिकाऱ्यासाठी त्याहून चांगलं काही नाही. कपडे वाळतात, बूट वाळतात, झोपण्यापूर्वी हाडं शेकून निघतात. रात्रभराची अपेक्षा मात्र तिच्याकडून करू नये. आमचा तंबू ट्रकनं जातो, वजनाची चिंता नाही. मग लोखंडच घ्यावं.

लष्करी तंबूंच्या इतिहासात एक शंकूच्या आकाराची शेगडी आहे, सिबली नावाची. हेन्री हॉपकिन्स सिबली या अमेरिकी अधिकाऱ्यानं १८५६ मध्ये गोल तंबूचं पेटंट घेतलं, त्याच तंबूसोबत ती आली. तिला तळच नाही, सरळ जमिनीवर ठेवायची. अमेरिकी सैन्य ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत वापरत होतं. तळ नसला तर तळ जळण्याचा प्रश्नच मिटला! आजच्या शेगडीला तळ असतो, म्हणून त्यावर इंचभर वाळू पसरायची. वाळू निखाऱ्यांची धग अंगावर घेते आणि तळ वाचतो.

आता धुराडं. शेगडीचं खरं यंत्र म्हणजे हा पाइप, आणि दुकानात लोक सगळ्यात कमी वेळ त्यालाच देतात. मला स्वतःला हे लहानपणापासून माहीत होतं, फक्त इकडे आल्यावर त्याला आकडे मिळाले. कराडला परसदारी आमचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, खाली जाळी. जाळीवर राख साचली की बंब धुमसायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. आजी सळई घेऊन खालून राख पाडायची आणि दुसऱ्या क्षणाला नळी घुमायला लागायची. खालून हवा येण्याला वाट आणि वरून धूर जाण्याला ओढ, दोन्ही असेल तरच विस्तव. तंबूतली शेगडी म्हणजे हाच बंब, आडवा पडलेला.

ही ओढ येते ती पाइपातल्या गरम हवेमुळे. गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड, आणि पाइप जितका उंच तितका हा फरक जास्त कामाला येतो. पण नऊ हजार फुटांवर बाहेरची हवाच समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाव हिश्श्यानं विरळ असते. त्यामुळे खाली दुकानाच्या अंगणात छान ओढणारी शेगडी वर आळशी होते. उपाय म्हणजे पाइप सरळ, पाइप उंच. आमचा पाच इंची आहे. छतातून सरळ वर जातो आणि तंबूच्या कण्याच्या वर फूट-दीड फूट निघतो. भिंतीतून बाहेर काढून वळवलेला पाइप दिसायला सोयीचा, पण प्रत्येक काटकोन ओढ खातो. शिवाय पाइप कण्याच्या खाली राहिला तर वारा तंबूवरून घसरताना धूर पुन्हा आत ढकलतो.

पाइपचे तुकडे एकमेकांत बसवताना चुण्या पाडलेलं, अरुंद टोक खाली ठेवायचं. धुराचा ओला डांबरी अंश पाइपच्या आतून ओघळतो. टोक खाली असलं की तो शेगडीत जाऊन जळतो, उलटं असलं की सांध्यातून बाहेर गळतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त मिळतो, तो मी घेत नाही. आणि शेगडी नवी असली की तिचा पहिला विस्तव मोकळ्या अंगणात. रंग आणि तेल जळतानाचा तो वास तंबूत नको.

पाइपच्या डोक्यावर ठिणग्या अडवणारी जाळी हवीच. कापूस उडतो तशा ठिणग्या उडतात आणि कॅनव्हासला टाचणीएवढी भोकं पडतात. पण हीच जाळी काजळीनं बुजली की ओढ मरते आणि धूर तंबूत. ती जाळी उतरवून रोज झटकायची हा आमच्याकडे नियम आहे. पाँडेरोसा पाइन जाळत असाल तर दिवसातून दोनदा, कारण त्यात राळ भरपूर.

लाकडाचं मी आणखी लांबलचक लिहू शकते, पण आमच्या पठारापुरतं सांगते. वर अ‍ॅस्पेन भरपूर पडलेलं असतं. वाळलेलं अ‍ॅस्पेन स्वच्छ जळतं, काजळी कमी, संध्याकाळी तंबू तापवायला आणि स्वयंपाकाला उत्तम. रात्रीसाठी ते कामाचं नाही, भुर्रकन संपतं. रात्रीसाठी हवा गॅम्बेल ओक. हे ओकाचं झुडूप पठाराच्या खालच्या उतारांवर दाट वाढतं, खोड मनगटाएवढं, फार तर मांडीएवढं, आणि लाकूड असं घट्ट की तेवढ्याच ढिगातून अ‍ॅस्पेनच्या दीडपटीहून जास्त उष्णता मिळते. उभं हिरवं झाड तोडायचं नाही, मेलेलं आणि पडलेलं तेवढंच घ्यायचं. लांबून लाकूड आणायचं नाही, त्यातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. झोपायच्या तासभर आधी अ‍ॅस्पेनचे लालबुंद निखारे तयार करायचे, त्यावर ओकाचे तीन-चार जाड तुकडे, ते चांगले पेट घेऊ द्यायचे आणि मगच हवा कमी करायची. ओल्या लाकडावर हवा कमी केली तर विस्तव होत नाही, नुसता धूर होतो, आणि आता मी ज्या गोष्टीकडे येतेय तिचं मूळ तिथेच आहे.

कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेइतक्याच वजनाचा असल्यामुळे जमिनीवर बसतही नाही, सगळीकडे पसरतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ताकदीनं चिकटतो. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर इथे धडधडीत फसवतो: त्या यंत्राला प्राणवायूनं भरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं. पडद्यावर ९८ टक्के आणि माणूस गुदमरतोय. शिकारीच्या हंगामात असे रुग्ण आमच्याकडे येतात. डोकं दुखतं, मळमळतं, पायात जोर नाही, आणि घरचे सांगतात, उंचीचा त्रास झालाय. उंचीच्या त्रासाची लक्षणं हुबेहूब हीच असतात, हीच तर भीती आहे. म्हणून आमच्या तंबूतला नियम: एकाचं डोकं दुखलं तर पाणी प्या, दोघांचं दुखलं तर सगळे बाहेर. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण दीड तास. म्हणजे बाहेर येऊन पाच मिनिटं खोल श्वास घेतला आणि परत जाऊन झोपलो, हे चालत नाही. बाहेर आल्यावरही डोकं जड राहिलं तर सरळ दवाखाना गाठायचा.

हा वायू ओळखून वाजणारा अलार्म बॅटरीवरचा, आणि आकडा दाखवणारा घ्या. अमेरिकेतला घरगुती अलार्म ७० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तासाभरानंतर, कधी चार तासांनीही वाजतो. ४०० वर गेलं तर चार ते पंधरा मिनिटांत. घरात ते ठीक आहे. नऊ हजार फुटांवर रक्तात प्राणवायू आधीच कमी असतो, तिथे मला ३० हा आकडासुद्धा बघायचा असतो. अलार्म मी खाटेच्या उशाशी, डोक्याच्या उंचीला टांगते. बॅटरी लिथियमच्या, साध्या बॅटऱ्या गारठ्यात मान टाकतात. आणि हवा येण्यासाठी तंबूच्या दाराची खालची चेन वीतभर उघडी. थंडी येते, येऊ द्या.

पाइपमधल्या झडपेचाही यात मोठा हात आहे. रात्री ती अर्धी मिटली की उष्णता पोटात राहते आणि लाकूड सावकाश जळतं. पूर्ण कधीच मिटायची नाही. शेगडी पुन्हा भरताना क्रम पाठ असावा: आधी पाइपची झडप उघडायची, मग खालची हवा, मिनिटभर थांबायचं, मग दार बोटभर, आणि मग पूर्ण. क्रम चुकला की साचलेला धूर तोंडावर येतो. रात्री पेंगुळलेल्या माणसाला हे सुचत नाही, म्हणून आम्ही झोपण्यापूर्वीच ठरवतो की आज पहाटे शेगडी कोण भरणार.

धाकट्या भावानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "ताई, कापडाच्या तंबूत विस्तव? कापड पेट घेत नाही?" रास्त प्रश्न. बऱ्याच तंबूंच्या कॅनव्हासला आग लवकर पसरू नये म्हणून प्रक्रिया केलेली असते. तंबूवर सीपीएआय-८४ असा शिक्का दिसला तर तो तंबू त्या चाचणीत उतरलेला असतो. पण पसरत नाही म्हणजे जळत नाही असं नव्हे. पाइप जिथून बाहेर पडतो तिथे सिलिकॉन चढवलेल्या काचतंतूच्या कापडाचं ठिगळ असतं, ते शिवलेलं नसेल तर शेगडीचा विचारही करू नये. शेगडी आणि भिंतीत दीड-दोन फूट मोकळे, मध्ये पत्र्याचा आडोसा. तंबूवर पावसासाठी प्लॅस्टिकचं आवरण घालणाऱ्यांनी पाइपभोवती ते कापून घ्यावं, एका ठिणगीनं ते वितळतं. शेगडीच्या पायांखाली सिमेंटची फळी: खालची गोठलेली जमीन उबेनं मऊ होते, एक पाय खचतो आणि पाइप तिरका होतो. आमचा तंबू डेन्व्हरच्या डेव्हिस टेंटचा आहे. ते १९५६ पासून तंबू शिवतायत आणि शिवणीत ते दिसतं.

एवढं करूनही काही वर्षी शेगडी पेटवताच येत नाही. वाळलेल्या वर्षात जंगलखातं आगबंदी लावतं, आणि पहिल्या टप्प्याच्या बंदीतसुद्धा आदेशात मेंढपाळी शेगडीचं नाव घेऊन मनाई असते. तंबूच्या आत आहे म्हणून सूट नाही. २०२० च्या उन्हाळ्यात ग्रँड जंक्शनच्या उत्तरेला पाइन गल्चचा वणवा पेटला, वीज पडून. १,३९,००७ एकर जळलं. काही आठवडे तो राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा वणवा होता, आणि त्याच वर्षी कॅमरन पीकच्या वणव्यानं २,०८,९१३ एकर खाऊन त्याला मागे टाकलं. त्या दिवसांत धाप लागलेले लोक आमच्या वॉर्डात रांगेनं होते. बंदीचा आदेश वाचताना मला ते दिसतं, म्हणून मी कुरकुर करत नाही. अशा वर्षी बंद करायची चावी असलेला प्रोपेनचा हीटर चालतो, तो ट्रकमध्ये असतोच. त्याची गोम ही की प्रोपेन जळताना पाण्याची वाफ निघते, सकाळी कॅनव्हास आतून ओला. लाकडाच्या शेगडीची वाफ धुरासोबत पाइपनं बाहेर जाते, म्हणून तिच्या उबेत कपडे वाळतात.

शेवटी घेतली ती १२ गेजची, सपाट माथ्याची, पाच इंची पाइपाची, पोट दोन फुटी, आणि बाजूला लटकवायची पाण्याची टाकी. टाकी हा माझा हट्ट. सासऱ्यांना ती अनावश्यक वाटली होती; आता पहाटे हात-तोंड धुवायला पहिले तेच उभे असतात. नऊ हजार फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तूरडाळ उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवली तरी डोळे वटारून बघत राहते. म्हणून कुकर नेते. सपाट माथ्यावर तो पुढे-मागे सरकवून आच कमी-जास्त करता येते, आणि मुगाची खिचडी होते तशी घरच्या गॅसवर होत नाही. तवा न ठेवता थेट माथ्यावर भाकरी मात्र टाकू नका, रंगाचा वास लागतो. बिडाचा तवा हवा.

किमतीचं एकच. दुकानातली पाटी बहुधा नुसत्या शेगडीची असते. पाइप, झडप, जाळी, पाय, टाकी, आडोसा धरून हिशेब मांडा आणि मग तुलना करा. पैसे कमी पडत असतील तर टाकी सोडा, पत्र्याची जाडी सोडू नका. अलार्म तर नाहीच नाही.

आणि तंबू उतरवायच्या आदल्या रात्री शेगडी कमी भरा. सकाळी राख पत्र्याच्या बादलीत काढा, पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. मग हातमोजा काढून उघडा हात त्यात घालून बघा. जरा जरी कोमट लागली तरी अजून पाणी.